डुक्कर कोणाचं?

"डुक्कर निघालं काय?" असं बाबा फोनवर जोरात बोलले की आमच्या गावात आजही दोन-चार माणसं काठ्या घेऊन घराबाहेर येतात. त्यांचंही चुकत नाही. हरभऱ्याला घाटे धरले की रात्रीतून रानडुकरांचा कळप शिरतो आणि सकाळी वावराकडे बघवत नाही. पण बाबा ज्याची चौकशी करत असतात ते डुक्कर दर्यापुरात मिस्त्रीकडे असतं आणि ते कोणाच्या वावरात शिरूच शकत नाही, कारण त्याची बॅटरी उतरलेली असते.

डुक्कर फियाट. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, फियाट 1100, मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, पद्मिनी नावाच्या कितीतरी आधीची. गोल पाठ, फुगलेलं नाकाड, म्हणून लोकांनी नाव पाडलं डुक्कर. इटलीत तिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे अकराशेच, पण इंजिन भरतं 1089 सीसी. आमच्याकडे कापसाचे काटे बघितलेल्या माणसाला एवढी घट म्हणजे काहीच नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागे, कडी पुढे. नवा माणूस हमखास चुकीच्या बाजूला हात घालतो आणि दोन मिनिटं पत्रा चाचपत बसतो. आणि चालत्या गाडीत कडी सुटली की वारा दार बंद करत नाही, सताड उघडतो. आत्याच्या लग्नाच्या याद्या करायला जाताना असंच दार उघडलं आणि वांग्याची पिशवी, पानाचा डबा आणि आजीची एक चप्पल एवढं मूर्तिजापूरच्या रस्त्यावर राहून गेलं, त्यातली चप्पल परत मिळाली म्हणतात.

तर मागच्या वर्षी माझ्या डोक्यात किडा वळवळला की या गाडीचं व्हिंटेज रजिस्ट्रेशन करायचं. 2021 साली केंद्राचा नियम आला, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि फार फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज धरतात, आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि ती 10 वर्षं चालते. फक्त अट अशी की मग ती रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. हे मी वाचून दाखवलं तर आत्या म्हणाली, "मंग आतालोक दुसऱ्या कोणत्या कामाले निघाली होती ते?"

बोलण्यात तथ्य होतं. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी जनावरं नाईलाजाने पितात, तेच पाणी आबाजींनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं, त्यामुळे आतून एवढे क्षार धरले की मिस्त्री म्हणाला भाऊ हे रेडिएटर नाही, मिठागर आहे. उन्हाळ्यात पारा 45 वर गेला की पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची, मग पंपावर ओलं फडकं टाकून सगळं खटलं बाभळीखाली बसायचं. आणि पावसाळ्यात आमची काळी माती म्हणजे काय विचारता, चप्पल घालून एक पाय टाकला तर दुसरा पाय अनवाणी निघतो, तिथे आबाजी फियाट घालायचे. मग सालदार बैलजोडी घेऊन यायचा. तो न बोलता दोर बांधायचा, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून झालं की आबाजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढे जोडायचा, "आन त्या डुकराले नोका घेऊन येजा."

शकुंतला म्हणजे आमच्याकडची छोटी रेल्वे, तिच्याशी आबाजींनी लावलेल्या शर्यतीचं फार सांगत नाही. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी कोणी हात दाखवला तरी थांबायची, तरी हरलो आपणच.

रजिस्ट्रेशनला कागद लागतात. आबाजी जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे वारसांच्या सह्या हव्या. वारस चार, मोठे बाबा, आमचे बाबा, काका आणि आत्या. गेली पंधरा वर्षं ती गाडी चिंचेखाली उभी होती, कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या, तेव्हा यातल्या एकालाही तिची आठवण आली नव्हती. मी नुसतं व्हिंटेज म्हणालो आणि काकांनी मोबाईलवर कुठेतरी असल्या गाड्यांचे भाव बघितले, झालं. वावराची वाटणी झाली, घराची झाली, गाडीची कुठे झाली? चार वारस, चार चाकं. मला खर्च केल्याबद्दल स्टेपनी द्यायचं ठरलं.

आणि हक्क सांगायचा म्हणजे इतिहास आला. मोठे बाबा म्हणतात, त्या साली कापूस एवढा पिकला होता की आबाजींनी अमरावतीला जाऊन रोख मोजले, आणि नोटांची पिशवी कोणी धरली होती तर मोठ्या बाबांनी. बाबांच्या मते गाडी आणली तेव्हा मोठे बाबा गोवर निघून घरात पडले होते, पिशवी बाबांनी धरली. काकांचा तेव्हा जन्म व्हायचा होता, पण त्यांचं म्हणणं आबाजी नेहमी सांगायचे, हे धाकट्याच्या पायगुणाने आली. आत्याची गोष्ट मला जास्त पटते कारण त्यात कोणाचीच शोभा राहत नाही. 1966 साल, विहिरीवर बसवायला डिझेल इंजिन आणायला म्हणून आबाजी पैसे घेऊन अमरावतीला गेले, इंजिन पसंत केलं, मग अंगात कसकस वाटली म्हणून एका डॉक्टरकडे गेले आणि डॉक्टरांच्या दारात ही गाडी विकायला उभी. संध्याकाळी घरी पोचल्यावर आजीने विचारलं, इंजिन कुठाय? आबाजींनी बॉनेट उघडून दाखवलं. आजी त्या रात्री बोलली नाही, आणि त्या वर्षी ओलीत झालं नाही.

वाद रंगात आला असताना आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, आरसी बुक सापडलं. पानं पिवळी, वर मुंबई राज्य. 1958 ची नोंद, म्हणजे विदर्भ नुकताच 1956 मध्ये मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडलेला आणि महाराष्ट्र व्हायला दोन वर्षं बाकी, आमचं डुक्कर राज्यापेक्षा वयाने मोठं निघालं. सगळे खुश झाले. मग मी मालकाचं नाव वाचलं.

डॉक्टरांचं.

पलटी मारून बघितलं, ट्रान्सफरचा रकाना कोरा. म्हणजे एवढी वर्षं ज्या गाडीत आमच्या तीन लग्नांच्या वराती निघाल्या, जिच्या चाकांची परवा वाटणी झाली, ती कायद्याने आमची कधी नव्हतीच. एजंट म्हणाला, सोपं आहे, मालकाला घेऊन या. मी म्हटलं मालक वर गेले. तर म्हणे, मग त्यांच्या वारसाला आणा.

अमरावतीत चार दवाखाने आणि दोन मेडिकल पालथे घातल्यावर डॉक्टरांचे चिरंजीव सापडले, वय 81, कॅम्पात राहतात. मी फोनवर घाबरत घाबरत सांगितलं, तुमच्या बाबांची फियाट आमच्याकडे आहे. बराच वेळ आवाजच नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "चालू आहे?" मी म्हटलं दुरुस्तीपुरती आहे. म्हणाले, "रविवारी येतो."

आले. सोबत नातू आणि बगलेत एक जुनी वही. अंगणात चारही वारस पांढरे कपडे घालून बसलेले, आत्याने रोडग्याचा बेत केलेला. ते कोणाशी बोललेच नाहीत, सरळ गाडीपाशी गेले आणि न बघता बरोबर बाजूला हात घालून दार उघडलं. आमच्या घरातल्या सुनांना अजून जमत नाही ते. आत बसले, गिअरचा दांडा हलवून बघितला आणि म्हणाले, दुसरा अजूनही घासतो वाटतं. मग सांगायला लागले, याच गाडीत ते चिखलदऱ्याला गेले होते, वडिलांनी गाडी विकली तेव्हा ते कॉलेजात होते आणि आठ दिवस वडिलांशी बोलले नव्हते. म्हणजे एकाच दिवशी दोन घरांत अबोला, मला आजीची फार आठवण आली.

रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली, मग मी फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म बाजूला ठेवला आणि वही उघडली.

"सही देतो, पण वडिलांनी का दिली नव्हती ते बघा एकदा."

डॉक्टरांचं अक्षर असूनही वाचता येत होतं. फियाट विक्री, ठरले 5,500, मिळाले 5,100, बाकी 400, कापूस विकल्यावर देतो म्हणाले. खाली दरवर्षीची एकेक ओळ, यंदा बोंडअळी, यंदा पाऊस नाही, यंदा मुलीचं लग्न, आणि शेवटच्या ओळीत नुसतं, भेटले, चांगले आहेत.

"मुद्दल चारशे," ते शांतपणे म्हणाले, "व्याजाचं तुम्हा वारसदारांत काय ते ठरवा."

अंगणात एकदम शांतता. काका उठले, त्यांना आठवलं की लाईन आली असेल, मोटर सुरू करायची आहे. आत्या भांडी आवरायला आत गेली, आणि मी म्हणून सांगतो, आत्याने त्या घरात भांडी आवरल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. बाबांनी चिंचेकडे बघून यंदा चिंचा बऱ्या आहेत म्हटलं. शेवटी मोठ्या बाबांनी घसा साफ केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बापू, डुक्कर तुयंच आहे बाप्पा. आमी कधी म्हटलं आमचं?"