ओठ मिटले तरी शब्द चालूच

पंक या बंडखोर रॉक संगीतातली अमेरिकन गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ, तिची एक काळीपांढरी क्लिप अधूनमधून फिरत येते. खालचा मजकूर ठरलेला: 'न्यूयॉर्कच्या तळघरात चोरून चाललेल्या पंक काव्यमैफलीचं दुर्मीळ, थेट चित्रण. कवितेशी काडीचा संबंध नसलेल्या पोरांनी उडवलेली कवितेची टर.'

क्लिप अस्सल आहे. एमोस पो आणि इव्हान क्राल यांच्या 'द ब्लँक जनरेशन' (१९७६) या माहितीपटातली. आणि इतकी हातोहात फिरते, की 'दुर्मीळ' म्हणणं जरा धाडसाचंच.

'थेट' तर मुळीच नाही. पॅटीच्या ओठांकडे नीट बघा. ते मिटतात, तरी शब्द चालूच राहतात. चित्र १६ मिमी फिल्मवर मुकं घेतलेलं, आवाज वेगळ्या ध्वनिफितींवरचा, नंतर जोडलेला. मला स्वतःला ती विसंगती आवडते. पण 'त्या रात्री तिने ही ओळ अशी म्हटली' याला पुरावा म्हणून ही क्लिप पुढे करता येत नाही.

तळघराचं म्हणाल, तर ही पंक मंडळी जिथे वाजवायची, ते सीबीजीबी म्हणजे न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरचा, फुटपाथवरून थेट आत शिरता येणारा बार होता. हिली क्रिस्टलने १९७३ मध्ये काढलेला, तोही कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजसाठी. नावातली अक्षरं तीच. 'अंडरग्राउंड'चं कुणीतरी 'भूमिगत' केलं, आणि बेचाळीसचे क्रांतिकारक ऐकत वाढलेल्या आपल्याला लगेच चोरवाटा दिसू लागल्या. मुख्य प्रवाहाबाहेर राहून स्वतःची छोटी मासिकं काढणारे आपल्याकडचे अनियतकालिकवाले कवी आठवले असते, तर अर्थ जास्त जवळ लागला असता.

राहिली टर. १० फेब्रुवारी १९७१ रोजी पॅटीने सेंट मार्क्स चर्चमध्ये कविता वाचल्या, सोबत लेनी के इलेक्ट्रिक गिटारवर. सीबीजीबी उघडायला तेव्हा जवळपास तीन वर्षं होती! 'पिस फॅक्टरी' (१९७४) हे तिचं गाणं म्हणजे तिच्या कारखान्यातल्या नोकरीवरची कविताच. 'हॉर्सेस' हा अल्बम त्यानंतरचा, १९७५चा. सीबीजीबीत वाजवणाऱ्या 'टेलिव्हिजन' बँडच्या टॉम मिलरने फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनचं आडनाव उचललं. त्याच बँडमधला त्याचा सोबती रिचर्ड हेल न्यूयॉर्कला आला तोच कवी व्हायला. या दोघांनी थेरेसा स्टर्न नावाची एक कवयित्री चक्क रचली, तिच्या नावाने संग्रह काढला, आणि मुखपृष्ठावर बाईच्या वेषातले आपलेच दोन चेहरे एकमेकांवर छापून तिचा फोटो तयार केला. यात थट्टा नाही असं कोण म्हणेल? पण ती कवितेच्या घरातलीच.