हवामान-सक्षम होऊ इच्छिणाऱ्या खानदेशी शेतकऱ्यास सूचना

पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही हे आता शासनासही मान्य असल्यामुळे, आपली शेती हवामान-सक्षम करून घेणे आपणांस क्रमप्राप्त आहे. त्यासाठी पाऊस, जमीन आणि पीक यांचा एकत्र विचार करण्याच्या भानगडीत न पडता प्रथम शेततळ्याचा अर्ज भरावा. शेततळे म्हणजे शिवारातून वाहून जाणारे पाणी अडवण्याचा खड्डा, अशी काही जुन्या मंडळींची समजूत आहे. ती मनातून काढून टाकावी. वाहते पाणी खोलगट जागी जाते आणि ती जागा बहुधा शेजाऱ्याची असते. शिवाय पारोळा-शिंदखेड्याकडचा पाऊस तळे भरण्याइतका कधी पडेल, याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून तळे विहिरीजवळच्या उंचवट्यावर खोदावे, त्याला प्लास्टिकचे अस्तर लावावे, आणि भाद्रपदात विहीर तुडुंब असताना मोटार सुरू करून जमिनीच्या पोटात सावलीला असलेले पाणी वर उन्हात आणून ठेवावे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणजे बेताचेच. तेव्हा ते इतरांच्या आधी उपसण्यातच खरी दूरदृष्टी आहे. वैशाखात त्यातला बराच वाटा वाफ होऊन उडेल. त्याचा खेद नसावा, कोठेतरी तो पाऊस होऊन पडेलच, बहुधा कोकणात. दिवाळीच्या सुमारास शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली, तर शेजारधर्म म्हणून त्यालाही शेततळ्याचा अर्ज आणून द्यावा.

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी गेलात तर तेथील दगडी बंधारे दाखवून एखादा वृद्ध आपल्याला फडपद्धतीचे गुणगान ऐकवील. आदराने ऐकावे आणि लगेच विसरावे. काही शतके चाललेल्या त्या पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येई, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असत, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे असा नेम असे, आणि पाणी शेतकरी स्वतः सोडत नसून गावाने नेमलेला पाटकरी सोडत असे. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असल्यामुळे, नदीला पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तरी तोट्याची वाटणी आपोआप होई आणि कोणी एकटा बुडत नसे. हा प्रकार आधुनिक माणसाला किती गैरसोयीचा आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यासाठी भाऊबंदांशी बोलावे लागते, पाट स्वतःच्या श्रमाने साफ करावा लागतो, आणि कोणते पीक घ्यायचे हे चारचौघांत ठरवावे लागते. शिवाय त्यात फीत कापण्याजोगे काही नाही. वर धरणे बांधून झाल्यावर हे फड बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आले, यातच त्यांची अव्यवहार्यता सिद्ध होते, असे आपण कार्यशाळेत म्हणू शकता, टाळ्या मिळतील.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे उदाहरणही कोणी ना कोणी देईलच. तेथील लोकांनी आपले जंगल स्वतः राखले, पाणी अडवले, आणि त्या कामाबद्दल चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अभिनंदनाचा मोठा फलक चौकात अवश्य लावावा, त्यावर आपलेही छायाचित्र असावे. अनुकरण मात्र करू नये, कारण त्याला दशके लागतात आणि आपल्या प्रस्तावाची मुदत मार्चअखेर संपते.

पिकाच्या बाबतीत धरसोड नको. कापूस, आणि फक्त कापूस. त्याच्या ओळींत तूर, मूग, उडीद घालण्याची वाडवडिलांची खोड मोडावी. कापूस गेला तरी डाळ हाती लागते, या आशेने माणूस भित्रा होतो. ठिबक असेल तर मे महिन्यातच लागवड करावी. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून बियाणे फार लवकर विकू देत नाहीत, पण मध्य प्रदेश आणि गुजरात आपल्यापासून फार दूर नाहीत. डिसेंबरात वेचणी संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडे, उपटू नयेत. एक पाणी देऊन त्याच झाडांवर पुन्हा बोंडे, म्हणजे फरदड, घ्यावी, म्हणजे अळीला पुढील हंगामापर्यंत घरदार राहील. बोंडअळी मरावी म्हणून जनुक बदललेल्या बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 2017 मध्ये याच अळीने राज्यभर बोंडे पोखरली. एवढ्या अवधीत तिने जे शिकून घेतले, ते आपण शिकलो नाही म्हणून खंत करू नये. पीकविमा आहेच. तो 2023 च्या खरिपात एका रुपयात मिळत होता, 2025 मध्ये ती सोय गेली; परंतु पंचनाम्याची वाट पाहणे अजूनही मोफत आहे.

राहता राहिले खाणे. तापीकाठच्या काळ्याभोर जमिनीत केवळ ओलाव्यावर येणारी दादर ज्वारी, जिची भाकरी घरच्यांना आणि कडबा गुरांना पुरे, ती बंद करणे इष्ट, कारण तिच्यासाठी कोणतेही अवजड यंत्र विकत घ्यावे लागत नाही. बाजरीचेही तेच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसह लोहयुक्त ‘धनशक्ती’ वाण आणले आहे, 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरेही झाले. त्या वर्षीच्या पाककृती स्पर्धेत बाजरीचा केक करून आपण आपले कर्तव्य पार पाडले असेलच. एरवी रेशनचा गहू-तांदूळ बरा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा महामार्गावरील हॉटेलात ‘खानदेशी थाळी’ म्हणून मिळतात, तेथे पाहुण्यांना न्यावे. पुढे-मागे डॉक्टरांनी गहू सोडून ज्वारी खाण्यास सांगितले, तर ती जळगावच्या बाजारात हवी तितकी मिळते. भाव गव्हाहून चढा असला, तरी तो कापसाच्या पैशांतून सहज भागवता येईल, अर्थात त्या वर्षी कापूस आला असल्यास.