‘तीन दिवस सुई सुरक्षित’? हात दुखत असेल तर आजच सांगा

एक मेसेज बराच फिरतोय: ‘सलाईनची सुई तीन दिवस सुरक्षित असते. तोवर थोडं दुखणं, सुजणं नॉर्मल. तीन दिवस झाले की ती बदलायलाच लावा, नाहीतर इन्फेक्शन ठरलेलं. सुई आतच असते, हात हलवू नका. ड्रिप अडकली तर सिस्टरला जोरात पुश करायला सांगा.’ वॉर्डात नर्स म्हणून काम करताना यातलं प्रत्येक वाक्य मला पेशंटच्या तोंडून ऐकू येतं, म्हणून हे लिहितेय.

सुई आत नसते. शीर टोचली की ती लगेच बाहेर काढतात, आत राहते ती प्लास्टिकची मऊ नळी, म्हणजे कॅन्युला. बोटं बिनधास्त हलवा. मनगटावर किंवा कोपराच्या खळगीत बसवली तर मात्र हात वाकताना नळी दुमडते, शिरेला आतून घासते. म्हणून शक्य तिथे आम्ही कोपर आणि मनगट यांच्यामधली शीर शोधतो आणि काम भागेल तेवढीच बारीक नळी घालतो. 22 नंबरच्या बारीक निळीने भागत असेल तर 18 ची जाड हिरवी कशाला?

‘तोवर दुखणं नॉर्मल’ हे सगळ्यात घातक. साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्या कॅन्युला उपचार संपायच्या आधीच निकामी होतात. शीर सुजते, नळी तुंबते, औषध शिरेबाहेर झिरपतं किंवा नळीच निसटते. यातलं काहीही दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं. एक आजी दीड दिवस हात दुखत असताना गप्प होत्या, कारण ‘तीन दिवस व्हायचेत’. पारदर्शक ड्रेसिंगवरून बोट फिरवलं तर शीर सुतळीसारखी कडक लागली, वर लाल रेघ. कॅन्युला तिथेच काढली.

आता तिसऱ्या दिवशी बदलण्याचं. ऑस्ट्रेलियात 3,283 पेशंटवर झालेली चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. ठरावीक दिवशी बदलली काय किंवा गरज पडल्यावर बदलली काय, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे 7 टक्केच होतं. मग विनाकारण पुन्हा का टोचायचं? पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जिनिव्हातल्या रुग्णालयांनी ठरावीक बदल थांबवला तेव्हा कॅन्युलामुळे होणारे रक्ताचे संसर्ग वाढले होते. तारखेचा नियम सोडायचा, तर प्रत्येक पाळीत जागा बघावी लागते, दाबून बघावी लागते, ‘दुखतंय का?’ विचारावं लागतं. नुसतं लांबणीवर टाकणं वेगळं.

जोरात पुश तर अजिबात नको. आधी क्लॅम्प बंद आहे का, नळी मुडपली आहे का, हात वाकलाय का, ते बघायचं. मग सिस्टरने कॅन्युलाच्या जोडाचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने घासून वाळू द्यायचं आणि नॉर्मल सलाईन हळूहळू, थांबत थांबत सोडायचं. हाताला अडथळा लागला की थांबायचं. जोर लावला तर गुठळी पुढे सरकते किंवा शीर फुटते.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही. औषधं तोंडाने सुरू झाली आणि कॅन्युला नुसतीच हातात असेल, तर राऊंडला विचारा, ‘ही आता काढायची का?’