स्वीडनने शाळांतून स्क्रीन हद्दपार केलेली नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतोय: ‘स्वीडनने शाळांमधल्या स्क्रीनवर बंदी घातली, कारण मुलं वाचायचं विसरली. आपण मात्र जिल्हा परिषदेच्या शाळांना टॅब वाटतोय. बंद करा हे.’

पहिली गोष्ट, बंदी नाही. 2023 मध्ये तिथल्या सरकारने छापील पाठ्यपुस्तकांसाठी 68.5 कोटी क्रोनर दिले, पुढची दोन वर्षं दरसाल 50 कोटी जाहीर केले आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरवलं. सक्ती उठणं म्हणजे बंदी येणं नव्हे. मोठ्या मुलांचे लॅपटॉप वर्गात आहेतच.

‘मुलं वाचायचं विसरली’ हे तर सरळसरळ अतिशयोक्त आहे. चौथीच्या मुलांच्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचनचाचणीत स्वीडनचे गुण 2016 मध्ये 555 होते, 2021 मध्ये 544 झाले. घसरण खरी आणि काळजीचीही. माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण चाचणी फक्त गुण सांगते. सगळं खापर स्क्रीनवर फोडायला तेवढा पुरावा पुरत नाही.

आता ‘बंद करा’. इथे मला खरंच राग येतो, कारण नुकसान होईल ते गरिबाच्या मुलांचं. दिल्लीत 2015 मध्ये सरकारी शाळांतल्या सुमारे 600 मुलांवर एक प्रयोग झाला. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रात 45 मिनिटं संगणकावर सराव आणि 45 मिनिटं शिक्षकासोबत लहान गटात अभ्यास, असा दीड तासाचा वर्ग. सहावीतल्या मुलीला तिसरीची वजाबाकी अडत असेल, तर सॉफ्टवेअर तिला तिसरीचीच गणितं द्यायचं. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत इतरांपेक्षा स्पष्ट आघाडी घेतली. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत प्रत्येक मुलाची पातळी रोज अशी हेरणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून टॅब हवा, आणि शिक्षकही हवाच. नुसते लॅपटॉप वाटून पेरू या देशात गणित-भाषेत काही फरक पडला नव्हता.

स्वीडनने पुस्तकांसाठी तिजोरी उघडली, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. पालकसभेत कुणी तो वाचून दाखवला, तर शाळेच्या वाचनालयात नवी पुस्तकं शेवटची कधी आली, तेवढं जरूर विचारा.