एक्सेलमधला #एन/ए म्हणजे लिंक तुटली असं नाही

ऑफिसच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो : ‘दुसऱ्या फाईलमधला व्हीलुकअप दोन्ही फाईल उघड्या असल्या तरच चालतो. #एन/ए आलं की लिंक तुटली समजा, ब्रेक लिंक करून पुन्हा जोडा. तरीही एरर राहिली तर इफएरर लावून टाका.’ व्हीलुकअप म्हणजे यादीत एक नोंद शोधून तिच्या ओळीतली माहिती आणणारा फॉर्म्युला; इफएरर म्हणजे एरर आली की तिच्या जागी आपण दिलेलं उत्तर दाखवणारा. सल्ल्यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे. बाकीची दोन नुकसान करतात.

व्हीलुकअप आणि तेच काम करणारी इंडेक्स-मॅच ही जोडी बंद फाईलमधूनही माहिती आणतात. फाईल उघडताना ‘अपडेट’ म्हटलं की झालं. उघडी फाईल लागते ती इनडिरेक्टला (मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून सेल गाठणारा फॉर्म्युला), नाहीतर #रेफ! ही एरर येते. अटीनुसार बेरीज आणि मोजणी करणारे समइफ, काउंटइफ बंद फाईलवर #व्हॅल्यू! ही एरर देतात; तिथे समप्रॉडक्ट वापरा. बहुधा या फॉर्म्युल्यांचा अनुभव लोकांनी व्हीलुकअपच्या नावावर खपवला असावा.

आता #एन/ए. त्याचा अर्थ एवढाच, की शोधलेली नोंद त्या कॉलममध्ये सापडली नाही. म्हणजे फाईल सापडली, जुळणी झाली नाही. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे एका फाईलमध्ये आकडा आणि दुसरीत आकड्यासारखा दिसणारा मजकूर. दोन्हीकडच्या एकेका सेलवर इझनंबर लावा; सेलमध्ये खरा आकडा आहे का ते तो सांगतो. एकीकडे ट्रू, दुसरीकडे फॉल्स आलं, तर मजकुराच्या कॉलमला 1 ने गुणून घ्या. मात्र 15 पेक्षा जास्त अंकी खाते क्रमांक असतील तर हे करू नका, कारण एक्सेल 15 अंकांपुढचं सगळं शून्य करतं. तिथे दोन्ही बाजू मजकूरच ठेवा.

दोन्हीकडे मजकूरच असेल तर लेननं लांबी मोजा. ‘पुणे’ची लांबी दोन सेलमध्ये वेगवेगळी आली, तर मागे स्पेस लपलेली आहे. ती ट्रिमनं जाते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या माहितीतली स्पेस मात्र बरेचदा जात नाही, कारण ती कॅरेक्टर 160 असते. सबस्टिट्यूटमध्ये कॅर(160) देऊन ती काढावी लागते. आणि व्हीलुकअपचा चौथा भाग गाळू नका, तिथे 0 लिहा. नाहीतर एक्सेल अंदाजे जुळणी शोधतं आणि एरर न देता भलताच दर आणून ठेवतं. हे #एन/ए पेक्षा वाईट.

तशीच गप्प राहणारी चूक कॉलम क्रमांकाची. दरपत्रकात कुणी मध्ये कॉलम घातला, तरी तुमच्या फॉर्म्युल्यातला 4 हा 4 च राहतो, फाईल उघडी असो वा बंद. आकड्याऐवजी तिथे मॅच लावून शीर्षकाचं नाव शोधायला सांगा आणि रेंज थोडी रुंद ठेवा.

ब्रेक लिंक तर दुरुस्तीचं बटणच नव्हे. ते दाबलं की त्या फाईलशी जोडलेले फॉर्म्युले पुसले जाऊन नुसते आकडे उरतात आणि अनडू चालत नाही. मग पुन्हा जोडणार काय? फाईलचं नाव किंवा जागा बदलली असेल तर डेटा टॅबमधल्या एडिट लिंक्समध्ये जाऊन ‘चेंज सोर्स’नं नवी फाईल दाखवा. नव्या आवृत्त्यांत याच जागी वर्कबुक लिंक्स दिसतं.

राहिला इफएरर. तो #एन/ए, #रेफ! आणि फॉर्म्युल्याच्या नावातली चूकसुद्धा एकाच पांघरुणाखाली घालतो. त्यात 0 लिहिलं तर बेरीज कमी येते आणि कुठली ओळ चुकली ते कळत नाही. न सापडलेल्या मालापुरती सोय हवी असेल तर 2013 पासून इफएनए आहे. त्यात 0 ऐवजी ‘दर नाही’ लिहा. बाकीच्या एरर दिसत राहतील.