स्वस्त, टिकाऊ आणि बाळाच्या हाती न लागणारं

पहिल्या वाढदिवसाची भेट निवडताना एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे बाळ. या व्यवहाराशी त्याचा काडीचा संबंध नाही. संध्याकाळी साडेसातला त्याची झोपायची वेळ झालेली असते, डोक्यावरचा मोत्याचा फेटा त्याने केव्हाच भिरकावलेला असतो आणि फोटोग्राफर 'इकडे, इकडे' करत त्याच्या नाकासमोर चुटक्या वाजवत असतो. अशा माणसाच्या आवडीनिवडी विचारात घेऊन कुणी खरेदी करतं का? भेट द्यायची आईवडिलांना, दिसायला हवी आजीला आणि सलायला हवी मागे रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या जावेला.

आता परवडण्याचा मुद्दा. किती खर्च करायचा हे खिशाला विचारू नका, वहीला विचारा. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला त्या घरातून काय आलं होतं, हे तुमच्या आईने जुन्या डायरीच्या मागच्या पानावर नक्की लिहून ठेवलेलं आहे. 'वरच्या मजल्यावरचे – लेमन सेट.' झालं, प्रश्न मिटला. हा लेमन सेट तुमच्याकडे आला तोच मुळी दोन वाढदिवस आणि एक वास्तुशांत करून. त्याला पुढच्या प्रवासाला लावा. टिकाऊपणात त्याचा हात धरणारी वस्तू बाजारात नाही, कारण त्यातून आजवर कुणी सरबत प्यायलेलं नाही. फक्त खोक्यात आधीच्या कुणाची चिठ्ठी राहिलेली नाही ना, तेवढं बघा.

खेळणंच न्यायचं ठरलं असेल तर आवाज करणारं न्या. दुकानदार गाडीचं बटण दाबून दाखवेल. ती काउंटरवरून सुसाट निघेल, कॅल्क्युलेटरला धडकेल, गर्रकन वळेल, लाल-निळे दिवे लागतील आणि भाषा ओळखू न येणारं एक गाणं सुरू होईल. आवाज लहान करायची सोय नाही ना, याची खात्री करून मगच पैसे द्या. तिसऱ्या दिवशी बाळाची आई गाडीतले सेल काढून ठेवेल, आठवड्याने गाडी माळ्यावर जाईल आणि तिथे ती वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहील. टिकाऊ म्हणतात ते याला.

खोक्याच्या कोपऱ्यात एक लाल वर्तुळ दिसेल. त्यात एक रडवा चेहरा, शेजारी ०-३ आणि वरून आडवी काट. म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. हा कारखानदाराने तुमच्या घराण्याच्या बुद्धीवर घेतलेला संशय समजा. 'आमचा वयाच्या मानाने खूप पुढे आहे' असं म्हणून खोका खुशाल पिशवीत टाका. सुटे भाग घशात अडकतात, अस्वलाच्या डोळ्याचं बटण निखळून तोंडात जातं, नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजून निघू शकते, असलं काही एखादे बालरोगतज्ज्ञ सांगायला लागले, तर 'आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं' एवढंच म्हणा. हे वाक्य कुठल्याही डॉक्टरला गप्प करतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आणि दुकानातल्या खरेदीची निम्मी मजा गेली, हे खरं. पण जत्रा आहे, सिग्नल आहे, लोकलचा डबा आहे. तिथे खूण मागणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात.

जरा मोठी भेट हवी असेल तर वॉकर न्या. चाकांचा, पुढे ट्रे असलेला, ट्रेवर पिवळं बदक. कॅनडाने २००४ साली हे वॉकर विकायला, आयात करायला, एवढंच काय त्यांची जाहिरात करायलाही बंदी घातली, कारण त्यात बसवलेली बाळं भरधाव निघून जिन्यावरून खाली जात होती. पण तिकडे जिना घरात असतो. आपल्याकडे तो दाराबाहेर असतो आणि दार आपण बंद ठेवतो, निदान दूधवाला, पेपरवाला, कचरावाला आणि शेजारच्या काकू येत नसतील तेव्हा. वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट उशीरच होऊ शकतो, असंही डॉक्टर सांगतात. त्यांना काय, त्यांना हॉलमध्ये मिरवत खोका न्यायचा नसतो.

मात्र लाकडी पांगुळगाडा द्यायचा विचार मनात आला तर तो तिथेच झटका. तीन चाकं आणि एक आडवी दांडी, यात शोभा ती काय? मूल दांडी धरून स्वतः उभं राहतं, ढकलतं, बुडावर आपटतं, परत उठतं. वर्षाच्या मुलाला दिवसभर नेमकं हेच करायचं असतं, त्यामुळे गाडा वापरला जाण्याचा धोका फार मोठा. आधी हे वापरणार, मग पाठचं भावंड, मग तो आत्याकडे जाणार, तिथून गावी. दहा वर्षांनी गाडा कुठल्या तरी अंगणात कुरकुरत चाललेला असतो आणि तो कुणी दिला होता हे कुणालाही आठवत नाही. असली टिकाऊ वस्तू काय जाळायची आहे? सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं चालतील. ती काचेच्या कपाटात ठेवायचीच असतात.

आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडीही नको. मऊ असते, जितकी धुवाल तितकी आणखी मऊ होते आणि एकदा सवय लागली की मूल तिचा कोपरा गालाशी धरल्याशिवाय झोपत नाही, हे सगळं मान्य. पण त्यावर किंमतीचं लेबल कुठे आहे? 'घरातलं जुनेर दिलं' असं लोक जिन्यातच बोलतील. मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं असा एक सल्ला पोस्टात नोकरी करणारे काका हमखास देतात. अडीचशे रुपयांत खातं निघतं आणि उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पैसे हातात येतात. एकवीस वर्षं! तोवर तिच्या आईवडिलांनी तुमच्या आहेराबद्दल काय मत बनवून ठेवायचं? आणि पासबुकाला रिबीन कुठून बांधायची?

कपड्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. जरीची शेरवानी घ्या, अगदी आजच्या मापाची.

टॅबलेट, निदान जुना मोबाइल, ही अलीकडची सोय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये असं सांगून ठेवलंय. पण मुलाला वरणभात भरवायला ती संघटना येत नाही.

एवढं करूनही काही सुचलं नाही तर भांड्याचं दुकान गाठा. स्टीलचा डबा घ्या. झाकण काढायचं, घालायचं, परत काढायचं आणि चमच्याने डबा बडवायचा, यावर वर्षाचं मूल अख्खी दुपार काढतं, तेव्हा झाकण चांगलं घट्ट बसणारं बघा. मग डबा नाव घालणाऱ्याकडे द्या. तो दाराशीच स्टुलावर बसलेला असतो. पैसे अक्षरावर घेतो, पण इथे हात आखडता घेऊ नका. आधी 'सौ. व श्री.', मग तुमचं पूर्ण नाव, आडनाव, मग 'यांजकडून सप्रेम भेट', खाली तारीख. त्याचं यंत्र टर्रर्र करत पत्र्यावरून फिरेल, बारीक कीस उडेल, तो अंगठ्याने पुसेल आणि मान वर करून विचारेल, 'बाळाचं नाव?'

गडबडू नका. पत्रिकेवर 'आमची परी' एवढंच होतं आणि बारशाला तुम्ही जेवून लगेच निघाला होतात. घरी फोन लावलात तर मायरा की मिशिका यावर वाद होईल आणि नाव घालणारा खोळंबेल. 'चि. बाळास' एवढंच घालून घ्या. अक्षरं वाचतात, आणि पुढे तो डबा ज्या ज्या बाळाकडे जाईल, तिथे तिथे तुमचं नाव आडनावासकट पोचेल.