‘पॅरिस मागितलं, गेंट गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय नीट वाचला. लग्नाच्या वाढदिवसाची सहल मनासारखी झाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहलीची आखणी आमच्याकडे दिली, पॅरिस हवं होतं, आम्ही बेल्जियममधलं गेंट पुढे केलं, रेल्वेचं तिकीट विमानापेक्षा महाग पडलं, गेंट एका दिवसात संपलं, तरी तिथलं प्रसिद्ध चित्र बघायचं राहिलं, खाण्याचे हाल झाले. म्हणून तुम्ही आमची आखणीची फी परत मागितली आहे. लंडनमधली इतर जोडपीही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या फॉर्ममधली खासगी माहिती अर्थातच इथे येणार नाही.

लंडनहून रेल्वेने पॅरिस जास्त जवळ आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून थेट गाडी सव्वादोन-अडीच तासांत पोचते. गेंटसाठी ब्रसेल्सपर्यंत दोन तास, तिथे गाडी बदलायची आणि पुढे साधारण अर्धा तास. आम्ही पाठवलेल्या पर्यायांत पॅरिस होतंच, फ्रान्समधलं लीलही होतं. गेंट सगळ्यात वर ठेवलं ते तुमच्याकडे दोनच रात्री होत्या म्हणून. शुक्रवारी रात्री पोचायचं आणि रविवारी दुपारी निघायचं. ‘निवांत फिरायचंय, धावपळ नको’ ही तुमची पहिली अट. एवढ्या वेळात पॅरिसला गेलं की अर्धा जीव मेट्रोत आणि रांगांत जातो, आणि मध्यवस्तीतली बरी खोली घ्यायची तर खिसा रिकामा होतो. पॅरिस मला फार आवडतं, म्हणूनच ते तीन रात्रींपेक्षा कमी वेळात उरकू नये असं मी सगळ्यांना सांगते. गेंटमध्ये ग्रासलाय हा नदीकाठचा जुना धक्का, बाराव्या शतकातला ग्राव्हेन्स्टीन किल्ला, घंटेचा मनोरा, कॅथीड्रल, सगळं पायी फिरण्यासारखं. जेवून बाहेर पडलात की कालव्याकाठी चालत चालत हॉटेलवर.

आता तिकिटाचं. तुम्ही दिलेला विमानाचा दर नुसत्या सीटचा आहे. त्यात बॅगेचे पैसे धरा, पहाटे विमानतळ गाठायची टॅक्सी धरा, पलीकडे विमानतळावरून शहरात यायचं भाडं धरा. मी वेळ मोजते तीही घराला कुलूप लावल्यापासून हॉटेलच्या खोलीत बॅग टेकवेपर्यंतची. आमचे बरेच ग्राहक हॅरो-वेम्बली भागातले; त्यांना मेट्रोपॉलिटन लाइनने गाडी न बदलता किंग्ज क्रॉस सेंट पँक्रासला उतरता येतं. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरतानाची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच, गाडीत बसण्याआधी होते, त्यामुळे ब्रसेल्सला उतरलं की सरळ पुढच्या गाडीकडे चालू लागायचं. बेल्जियममधल्या गाडीला आरक्षण नसतं. एक चुकली तर त्याच तिकिटावर पुढची पकडायची.

तरीही तुमचं तिकीट महागात पडलं हे खरंच आहे, आणि त्यामागे व्हिसा आहे. भारतीय पासपोर्ट असला की ब्रिटनमध्ये राहत असूनही शेंगेन व्हिसा लागतो. जिथे मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निकालाला साधारण १५ दिवस धरले जातात, गर्दीच्या दिवसांत जास्त. व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारं तिकीट काढू नका, असा आमचा आग्रह असतो, कारण व्हिसा नाकारला गेला तर सगळेच पैसे बुडतात. तुमचा अर्ज उशिरा गेला, व्हिसा आला तेव्हा स्वस्तातली तिकिटं संपली होती, त्यात शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार. हे वाचणाऱ्यांनी तारखा ठरल्या की त्याच आठवड्यात व्हिसाची वेळ घ्यावी.

‘गेंट एका दिवसात संपलं’ हे वाचून मात्र मला राहवलं नाही. आम्ही आखलेला शनिवार पूर्ण गेंटचा होता. सकाळी अकराला सेंट बाव्हो कॅथीड्रलमधलं व्हान आयक बंधूंचं वेदीचित्र (चर्चच्या वेदीवरचं, अनेक फळ्यांवर रंगवलेलं चित्र), त्याचं वेळ ठरलेलं तिकीट तुमच्या ईमेलमध्ये होतं. तुम्ही शनिवारी जवळच्या ब्रुज शहरात गेलात. ब्रुज सुंदरच आहे, गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं, मोह होणारच. पण रविवारी सकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना चित्रापाशी दुपारी एकनंतरच सोडतात, आणि तोवर तुमची निघायची वेळ झाली होती. १४३२ साली पुरं झालेलं हे चित्र. त्याची एक फळी १९३४ साली चोरीला गेली ती अजून सापडलेली नाही, तिथे नक्कल बसवली आहे. चित्राच्या मधोमध एक कोकरू आहे, त्याच्या चेहऱ्यावर नंतरच्या काळात चढवलेला रंग अलीकडच्या जीर्णोद्धारात काढला, तर खालून निघालेले डोळे थेट आपल्याकडे बघतात. त्याच्यासमोर दोघांनी अर्धा तास उभं राहावं, एवढ्यासाठी तो शनिवार आखला होता. आणि संध्याकाळी सिंट-व्हीर्ले चौकात. तिथले दिवे मधूनच लुकलुकतात, म्हणजे शहरातल्या प्रसूतिगृहात नुकतंच एक बाळ जन्मलेलं असतं.

खाण्याबद्दल. दर गुरुवारी शाकाहार ही मोहीम गेंट शहराने २००९ मध्ये सुरू केली, त्यामुळे तिथे पर्याय भरपूर आहेत, आणि हॉटेलपासून पायी जाता येणाऱ्या जागांची यादी आम्ही दिली होती. तुम्ही चौकातल्या फ्राइजबद्दल लिहिलंय. बेल्जियममध्ये पारंपरिक फ्राइज गोमांसाच्या चरबीत तळतात, हे आमच्या टिपणात ठळक अक्षरांत असतं, कारण आपल्या माणसांना ते नंतर कळलं की फार लागतं. घेण्याआधी प्रत्येक ठिकाणी विचारायचं. वनस्पती तेलात तळणारेही असतात.

ब्रसेल्स मिडी स्टेशनवर दीड तास बसावं लागलं ते परतीच्या तपासणीसाठी. ब्रिटनची इमिग्रेशन तिथेच होते, आणि गेंटहून येणारी गाडी रखडली तर लंडनची गाडी कुणासाठी थांबत नाही.

इतरांसाठी एवढंच: एकच रात्र असेल तर लील, दीड तासाच्या आत थेट. अ‍ॅमस्टरडॅमचा विचार असेल तर खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर आधी धरा. जर्मनीतल्या कोलोनला स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कॅथीड्रल, पण त्यासाठी तीन दिवस हवेत.

फी परत करणार नाही. ती आखणीची असते, आणि आखणी मी आजही जशीच्या तशी करेन. पण पॅरिस तुमच्या मनात राहिलंय, हे मला कळतं. तुमच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेश आणि शिल्लक दिवस असतील तर तो फ्रान्सलाही चालतो. मुदत बघून तीन रात्रींच्या तारखा कळवा, पॅरिसची आखणी मी वेगळी फी न घेता स्वतः करून देईन. लूव्र संग्रहालय बघायचं असेल तर मंगळवार टाळून तारखा निवडा, त्या दिवशी ते बंद असतं.